वळू निवडताना मुलींची चौकशी करा

गाईला दगडी झाली, कास सुजली, की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडायची, हा जगभरचा रिवाज. नॉर्वेनं यावर काढलेला उपाय मात्र कागदावरचा आहे. तिथं १९७५ पासून प्रत्येक गाईचं आजारपणाचं कार्ड असतं आणि १९७८ पासून नॉर्वेजियन रेड जातीचा वळू पसंत करताना दगडीचाही हिशेब धरतात. आता वळूला कास कुठली? म्हणून त्याच्या मुलींची चौकशी! हा गुण वारशानं उतरतो, पण फारच थोडा. दोनचार मुलींवरून काही कळत नाही. एकेका वळूमागे शेकडो मुलींची कार्डं चाळावी लागतात. आणि नुसत्या दुधाकडे बघून वळू निवडत गेलात, तर पुढच्या पिढ्यांत दगडीही वाढते. दोन्ही बरेचदा जोडीनं उतरतात.

डुकरांची तऱ्हा आणखी मजेशीर. पिल्लांना हगवण लावणारे काही ई. कोलाय जिवाणू आतड्याला चिकटले तरच बाधतात. काही पिल्लांच्या आतड्यावर त्यांना धरायला जन्मतःच जागा नसते. जिवाणू आले तसे बाहेर! डेन्मार्कमध्ये जनुक-चाचणी करून अशी डुकरं निवडली गेली. यात मेख एकच. आई अशी आणि बाप साधा असेल, तर पिल्लं बापावर जाऊ शकतात. शिवाय त्या जिवाणूंशी आईची कधी झटापटच न झाल्यानं तिच्या चिकातून संरक्षणही मिळत नाही. पिल्लं दोन्हीकडून उघडी.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेनं जनुक-संपादित डुकराला मान्यता दिली. पीआरआरएस या डुकरांच्या रोगाचा विषाणू ज्या सीडी१६३ प्रथिनाच्या आधारानं पेशीत घुसतो, त्याचा नेमका तेवढा भाग यात काढून टाकलाय. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, हे खरं. पण त्याच्या मागोमाग न्यूमोनियाचे जिवाणू येतात आणि प्रतिजैविकाची बाटली तेव्हा उघडते. मला विचाराल तर नॉर्वेची कार्डंच बरी. कुठल्याही गोठ्यात जमतील.

आपल्याकडेही असं उदाहरण आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातली बुटकी गॅरोल मेंढी वापरली, ती जुळ्यांच्या जनुकासाठी. दख्खनी मेंढीशी संकर करताना दिसलं, की गॅरोल रक्ताच्या कोकरांच्या लेंड्यांत जंतांची अंडीही कमी! (जंतनाशक म्हणजे प्रतिजैविक नव्हे, पण औषध वाचलं ते वाचलंच.)

तेव्हा पुढच्या खेपेला गाय भरवताना वळूच्या आईचं दूध विचाराच, पण त्याच्या मुलींपैकी किती जणींना दगडी झाली, तेही विचारा. उत्तर नाही मिळालं, तर निदान आपल्या गाईंच्या दगडीच्या तारखा वहीत मांडायला लागा.