जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी घाट चढवून पाहा

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता तयार झाला. इगतपुरीजवळ या रस्त्यावर सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. असा गुळगुळीत रस्ता दारापाशी आला की घरातल्या तरुण मुलाच्या मोबाइलवर जुन्या स्पोर्ट्स कारचे फोटो दिसू लागतात. नवी असताना वीस-पंचवीस लाखांची असलेली गाडी निम्म्याहून कमी किमतीत मिळते, हे ऐकून वडीलही जरा विचारात पडतात.

शौक असणे गुन्हा नाही. हलाल कमाईतून, कुणाचा हक्क न बुडवता चांगले वाहन घ्यायला आपल्या दीनमध्ये मनाई नाही. पण स्पोर्ट्स कार ही साधी जुनी गाडी नव्हे. तिची किंमत पडते, पण खर्च मात्र नव्या महागड्या गाडीचाच राहतो. म्हणून बयाणा देण्याआधी काही गोष्टी शांतपणे तपासायला हव्यात.

गाडी कोणती, सुटे भाग कुठे?

आपल्याच भागात अशा काही गाड्या तयार झाल्या आहेत. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये बाजारात आली. तिचे १४५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आजही हौशी लोकांना भुरळ घालते. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २०१७ मध्ये औरंगाबादच्या कारखान्यात जोडली जात होती. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी छोटी गाडी आणि २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये दाखवलेली डीसी अवंती ही आणखी दोन नावे.

यातल्या ऑक्टाव्हियाचे बरेच भाग त्या कंपनीच्या साध्या गाड्यांशी जुळतात, म्हणून ती सांभाळणे त्यातल्या त्यात सोपे. फियाटने मात्र भारतातली आपल्या नावाची गाड्यांची विक्री थांबवली आहे. सॅन स्टॉर्मची काच फुटली किंवा अवंतीचा बंपर तुटला तर तो भाग शोधत हिंडावे लागेल. तेव्हा गाडी पाहायला जाण्याआधी एक काम करा. क्लच, ब्रेक डिस्क, हेडलाइट आणि पुढची काच या चार वस्तूंची किंमत विचारा आणि त्या किती दिवसांत मिळतील तेही विचारा. नाशिकमध्ये हे काम करणारा मेकॅनिक आहे की प्रत्येक वेळी गाडी टोइंग करून मुंबईला न्यावी लागेल, याचे उत्तरही आधीच हवे.

कागद आधी, गाडी नंतर

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी डीसी अवंती गाड्यांच्या प्रकरणात गुन्हा दाखल केला. एकाच इंजिन आणि चासिस क्रमांकावर एकाहून अधिक नोंदणी झाल्याचा आणि त्या गाड्यांवर कर्जे उचलल्याचा तो आरोप होता. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. खरेदीदाराने त्यातून घ्यायचा धडा मात्र साधा आहे. आरसी बुकावरचा चासिस क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. अक्षरे घासलेली, वेडीवाकडी किंवा नव्याने ठोकलेली वाटली तर तिथूनच परत फिरा.

परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालकाचे नाव, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा पाहता येतो. थकलेली ई-चलने वेगळी तपासा. कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मागा. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा; त्याची मुदत १४ दिवसांची आहे. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर मिळत नाही, तो माणसाचा असतो.

विकणाऱ्यानेही यात ढिलाई करू नये. गाडी पुढे तीन-चार हातांत गेली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे.

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे तिथल्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. अशी गाडी घेताना तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो. तो जोडला की स्वस्ताई बरीच उतरते.

कसारा घाटात कस

इगतपुरीकरांना एक सोय आहे. गाडीची परीक्षा घेणारा घाट त्यांच्या उशालाच आहे. विक्रेत्याने गल्लीतून फेरी मारून आणली म्हणजे चाचणी झाली असे समजू नका. सकाळी इंजिन थंड असताना गाडी सुरू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट इंजिनात शिरत असण्याची शक्यता असते.

मग सोबत जाणकार मेकॅनिक घेऊन कसारा घाट उतरा आणि परत चढा. वेग वेगमर्यादेतच ठेवा. उतरताना ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरते का, पेडल खाली जाते का, हे पाहा. चढताना तापमानाचा काटा वर सरकतो का, गिअर बदलताना झटका बसतो का, ट्रकच्या मागे मुंगीच्या गतीने जाताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुरकुरतो का, याकडे लक्ष द्या. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची दुरुस्ती फार महाग असते. परत आल्यावर स्कॅनर लावून गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचून घ्या.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुने रबर कडक झालेले असते आणि समृद्धीवर ताशी १२० च्या मर्यादेने तासन् तास धावताना तेच फुटते. चारही टायर बदलायचे असतील तर तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

सायलेन्सर बदललेला, इंजिन रिमॅप करून ताकद वाढवलेली गाडी सहसा टाळावी. मूळ नोंदणीत नसलेले असे बदल कायद्याला मान्य नाहीत. विमा कंपनीला न कळवलेले बदल अपघातानंतर दावा फेटाळण्याचे कारण ठरू शकतात.

पावसाचे पाणी

इगतपुरीच्या पावसाबद्दल सांगायला नको. या गाड्या जमिनीला लागून असतात. खड्डा आणि उंच गतिरोधक यांचा मार थेट खालच्या भागाला बसतो. गाडी लिफ्टवर चढवून गंज, वाकलेले सस्पेन्शन आणि ऑइलची गळती पाहा. पुरात बुडालेल्या गाड्याही धुऊन-पुसून विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात होती. स्टेपनीची खाच, गालिच्याखालचा पत्रा आणि फ्यूजचा डबाही सांगून जातो.

हिशेब घराचा

किंमत ठरण्याआधी वर्षाचा खर्च कागदावर मांडा. विमा, महागडे पेट्रोल, सर्व्हिस, टायर आणि एका मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम, असे सगळे त्यात लिहा. मुलांच्या शाळेची फी, आई-वडिलांचे औषधपाणी आणि घराचा खर्च निघाल्यानंतर ही बेरीज झेपत असेल, तरच पुढे जा. दोन आसनांच्या गाडीत अम्मी-अब्बांना दवाखान्यात कसे नेणार, हाही प्रश्न घरात एकदा विचारला जावा.

शौकाच्या वस्तूसाठी व्याजाचे कर्ज काढणे तर आपल्याला शोभणारे नाही. गरजेपोटी नाइलाज झालेला माणूस वेगळा आणि ताशी दोनशेच्या काट्यासाठी हप्ते बांधून घेणारा वेगळा. लोकांना दाखवण्यासाठी ऐपतीबाहेर खर्च करणे हा इस्राफ आहे.

ऐब लपवू नये

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आतले धान्य ओले निघते, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. ओला माल खाली ठेवून वर सुका दाखवणाऱ्याला त्यांनी फसवणारा आपल्यातला नाही, अशी सक्त ताकीद दिली. किलोमीटरचा काटा मागे फिरवणे, अपघात दडवण्यासाठी रंग मारणे, ही त्याच ओल्या धान्याची आजची रूपे आहेत. ऐब सांगून विकलेल्या मालात थोडा नफा कमी होईल, पण बरकत राहील.

ओळखीचा माणूस आहे, जमातीतला आहे, म्हणून तोंडी व्यवहार करू नका. देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याची शिकवण सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत सविस्तर आली आहे. किंमत, बयाणा, गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ, सांगितलेले दोष, हे सर्व लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. पैसे शक्यतो बँकेतून द्या.

चावी कोणाच्या हातात?

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलालाही अशी गाडी एकदम देऊ नये. आधी साध्या गाडीवर पावसात, धुक्यात आणि घाटात त्याचा हात बसू द्या.

आपला जीव अल्लाहची अमानत आहे, तसा समोरून मोटारसायकलवर येणाऱ्या बापाचा आणि रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलीचाही आहे. ही अमानत सांभाळण्याची तयारी असेल, कागद साफ असतील आणि पैसा खिशातला असेल, तर बिस्मिल्लाह म्हणून गाडी जरूर घ्या. यातली एकही गोष्ट कमी असेल तर थोडे थांबा. गाड्या पुढच्या वर्षीही विकायला येतील.