बौद्धिक अक्षमता व लैंगिक अपराध

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या हातून घडणारे लैंगिक अपराध व अशा अपराध्यांवरील उपचार यांचा विचार न्यायमानसशास्त्र आणि विशेष शिक्षण या दोन्ही शाखांत केला जातो. बौद्धिक अक्षमता (पूर्वीची संज्ञा मतिमंदत्व) हा आजार नसून विकासातील कायम स्वरूपाची उणीव होय. सौम्य अक्षमतेत बुद्धिगुणांक सामान्यतः ५० ते ७० असतो आणि उपचारांसाठी येणारे अपराधी बहुधा याच गटातील असतात. मात्र अशा व्यक्ती अपराध करण्यापेक्षा अपराधास बळी पडण्याचा संभव कितीतरी अधिक असतो. नवी मुंबईतील कळंबोली येथील मतिमंद मुलींच्या निवासी संस्थेत झालेल्या अत्याचारांच्या खटल्यात २०१३ मध्ये जे दोषी ठरले, त्यांत खुद्द संस्थेचा संचालकच होता.

अशा वर्तनाच्या मुळाशी नेहमी विकृतीच असते असे नाही. हिंग्सबर्गर, ग्रिफिथ्स व क्विन्सी यांनी १९९१ मध्ये ‘आभासी विकृती’ची कल्पना मांडली. वयात आल्यावरही ज्याला दुसऱ्याच्या हातून अंघोळ घातली जाते, ज्याला दार लावून घेता येईल अशी खोली नाही आणि ज्याला लैंगिकतेविषयी कोणी चकार शब्द सांगितलेला नाही, त्या तरुणास खाजगी व सार्वजनिक यांतील भेद उमगणे कठीण असते. त्याने चारचौघांत केलेले अश्लील वर्तन अज्ञानातूनही आलेले असू शकते. काहींच्या ठिकाणी बालकांविषयीचे लैंगिक आकर्षण खरोखरच असते, म्हणून उपचारांपूर्वी या दोहोंचा निवाडा करणे अगत्याचे ठरते.

पहिल्या प्रकारात लैंगिक शिक्षण व सामाजिक कौशल्ये शिकविणे हाच मुख्य उपचार होय. दुसऱ्यात बोधात्मक वर्तनोपचार सोप्या रूपात योजतात. अमेरिकेतील ओरेगन राज्यात जेम्स हेवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जुना मी’ व ‘नवा मी’ अशा चित्रांच्या साह्याने रुग्णाकडून स्वतःच्या वर्तनाची ओळख करून घेण्याची पद्धत रूढ केली (१९९०). इंग्लंडमधील ग्लिनिस मर्फी यांच्या गटपद्धतीत आठवड्यातून एकदा सुमारे दोन तासांची बैठक अशी साधारण वर्षभर चालते. वाचन-लेखनाऐवजी चित्रे, नाट्यीकरण व पुनरावृत्ती यांवर भर असतो. कामेच्छा कमी करणारी औषधे क्वचित देतात. पण ज्याला परिणाम नीट कळत नाहीत त्याची संमती ती खरी संमती का, हा प्रश्न उरतोच. वर्मा समितीने २०१३ मध्ये रासायनिक खच्चीकरणाची शिक्षा अमान्य केली.

भारतात अडचण निराळीच आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता वगळलेली आहे. त्यामुळे आजाराची जोड नसेल, तर ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे अशा अपराध्याचे ठिकाण नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (२०२३, अंमल १ जुलै २०२४ पासून), आरोपी बौद्धिक अक्षमतेमुळे बचाव करण्यास असमर्थ असल्यास, देखभाल व योग्य शिक्षण-प्रशिक्षण देणाऱ्या निवासी व्यवस्थेत त्याला ठेवण्याची तरतूद आहे, १९७३ च्या संहितेतही ती २००८ च्या दुरुस्तीने आलेली होती. परंतु सौम्य अक्षमतेचा आरोपी नाव-गाव सांगतो, प्रश्नांना ‘हो’ म्हणतो आणि त्यामुळे सक्षम समजला जाऊ शकतो. मग त्याची वाट शाळेकडे न जाता तुरुंगाकडे जाते.

नवी मुंबईत ही सर्व ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत. खारघर येथे राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे (सिकंदराबाद, स्थापना १९८४) प्रादेशिक केंद्र असून तळोजा मध्यवर्ती कारागृहही त्याच परिसरात आहे. वाशीत महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठी शिक्षण व प्रशिक्षण केंद्र आहे. बुद्धिमापन, वर्तनसुधार व पालकांस मार्गदर्शन ही कौशल्ये अशा केंद्रांत असतात, पण त्यांची स्थापना अपराध्यांसाठी झालेली नाही. शिवाय बालकांवरील लैंगिक अपराधाची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो अधिनियमानुसार प्रत्येकास बंधनकारक आहे. बालकांच्या रक्षणार्थ ही तरतूद आवश्यकच होय. तथापि मुलाचे वर्तन बिघडू लागल्याचे ज्या आईच्या प्रथम ध्यानात येते, ती तिच्याच भयाने गप्प राहण्याचा संभव असतो. अपराध घडण्याची आशंका असल्यासही ती कळविण्याचे बंधन या कायद्यात आहे.