देवमासा पाहायचाय? आधी तिथी मोजा

दिवाळी झाली की रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. घाटावरची मंडळी आमच्या काळ्या वाळूत पाय रोवून पश्चिमेकडे बघत उभी राहतात आणि माझ्यासारखा कुणी गावकरी दिसला की विचारतात, "काका, इथं देवमासा कधी दिसतो हो?" दूरचित्रवाणीवर कुठल्या तरी बेटाजवळ शेपूट उंचावून बुडी मारणारा देवमासा त्यांनी पाहिलेला असतो. समुद्र तर इथंही आहे, मग तो इथं का दिसू नये, असा त्यांचा सरळ हिशेब.

मी खरं तेच सांगतो. मांडवीहून तासाभराच्या फेरीत देवमासा दाखवतो असं जो म्हणेल, त्याच्या होडीत बसू नका. डॉल्फिन मात्र दिसू शकतो, आणि तोही देवमाशाच्याच कुळातला. दोघंही मासे नव्हेत. हवेत श्वास घेणारे, पिलांना दूध पाजणारे सस्तन प्राणी आहेत. 'देवमासा' हा शब्द मला फार आवडतो, पण तो मासा नाही एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

इथं देवमासा का दिसत नाही, याचं कारण पाण्याखालच्या जमिनीत आहे. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिस्सा नावाचं गाव आहे. डिसेंबर ते एप्रिल या दिवसांत तिथं निळा देवमासा पाहायला जगभरातून लोक येतात. तिथं किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो आणि त्या कडेला देवमाशांना अन्न मिळतं. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला परत येतो. आपल्याकडे तसं नाही. शाळेच्या भूगोलात जिला समुद्रबूड जमीन म्हणत, ती आपल्या बाजूला चांगली रुंद आहे. मुंबईसमोर ती फारच रुंद, दक्षिणेकडे हळूहळू अरुंद होत जाते, पण रत्नागिरीहूनही तिची कड गाठायला होडीला कित्येक तास लागतात. सहलीच्या होडीचं ते काम नव्हे.

म्हणजे आपल्या दर्यात देवमासे नाहीतच असं नाही. २०१५ साली सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासमोर संशोधकांना निळा देवमासा दिसल्याची नोंद झाली. त्याहून मला भावते ती लुबानची हकिकत. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी हंपबॅक जातीच्या एका मादीच्या अंगावर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं. तिचं नाव लुबान. ऊद-लोबानातला लोबान मुळात हाच अरबी शब्द. डिसेंबरात ही लुबान अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, तिथून दक्षिणेला कन्याकुमारीच्या दिशेनं गेली आणि पुढे माघारी ओमानला पोचली. पूर्वी आपली गलबतं जी वाट चालत, तीच ही वाट. माझी दादी यूनुस नबींची आणि माशाची गोष्ट सांगताना भगवती बंदराकडे हात करायची. तिचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता म्हणायचा.

लुबानची जमात इतर हंपबॅकसारखी दूर ध्रुवाकडच्या थंड समुद्रात जात नाही, बारा महिने अरबी समुद्रातच राहते. ओमानकडे ते शंभराच्या आतच उरले असावेत असा अंदाज आहे. १९६६ साली सोव्हिएत शिकारी जहाजांनी अरबी समुद्रात दोनशेहून अधिक हंपबॅक मारले, आणि तेही चोरून.

आता आपल्या डॉल्फिनकडे वळू. किनाऱ्यालगत दिसतो तो राखाडी, पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन. खाडीच्या मुखाजवळचं उथळ पाणी त्याला मानवतं. सिनेमातल्यासारख्या उंच उड्या तो सहसा मारत नाही. आधी चोच, मग पाठ, मग छोटा पर आणि संपलं. म्हणून नजर एका जागी खिळवू नका, पाण्यावर सावकाश फिरवा. मांडवी-भाट्ये, दापोलीकडे कर्दे-मुरूड, खाली तारकर्ली-देवबाग, निवती, सगळीकडे तो आहे. हंगाम ऑक्टोबर ते मे; त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा आग्रह धरू नये.

दिवस ठरवताना मात्र सुट्टी पाहू नका, तिथी पाहा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याला तिनानं गुणा आणि चारानं भागा, येतील तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. आता नवमी धरा. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, म्हणजे पावणेसातची भरती. भांगाचे दिवस, त्यामुळे पाण्याला ओढ कमी. सातला निघालात तर खाडीच्या मुखात पुरेसं पाणी असतं. पहाटेचे मतलई वारे पडलेले असतात आणि खारे वारे अजून उठलेले नसतात, त्यामुळे पाणी आरशासारखं. अशा पाण्यावर काळी पाठ दुरूनही कळते. दहाच्या आत परत या. दुपारी वारा सुटला की प्रत्येक लाट पाठीसारखी दिसते आणि पोटातलं सगळं वर येतं ते वेगळंच.

होडी निवडताना आधी सर्वांना पुरतील इतकी लाइफ जॅकेट आहेत का ते पाहा, मग दराची बोली करा. 'दिसला नाही तर पैसे परत' ही बोली मला पसंत नाही. ती केली की तांडेलाला डॉल्फिनच्या मागे लागावंच लागतं. चार होड्या चारी बाजूंनी मशीनचा आवाज करत एका कळपावर धावून जातात, पिलू आईपासून तुटतं, आणि श्वासासाठी वर यायचं त्या जागी पंखा फिरत असतो. यात तांडेलाला तरी किती दोष द्यावा? घाई त्याला नसते, आपल्याला असते. त्याला आधीच सांगून ठेवा: लांब थांब, मशीन हळू कर, जवळ यायचं की नाही ते त्यालाच ठरवू दे. बऱ्याचदा तो येतोही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन आणि देवमासे पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. त्यांना त्रास देणं गुन्हा आहे.

मच्छीमारांचा विचार सरकारनं थोडाफार केला, हे मात्र बरं झालं. जाळ्यात असा संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ पासून सुरू झाली.

२०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिलू लागलं. लोकांनी त्याच्या अंगावर पाणी ओतलं, दीडएक दिवस खटपट करून त्याला खोल पाण्यात नेऊन सोडलं. पुढे ते मेलेलंच किनाऱ्याला आलं. फिरताना तुम्हाला असा प्राणी दिसला तर एकट्यानं ओढाओढ करू नका. अंग ओलं ठेवा, डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका, गर्दी मागे हटवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणि दर्या खवळला म्हणून होडी निघालीच नाही, तर रत्नागिरीतलं मत्स्यसंग्रहालय गाठा. तिथं सुमारे ५५ फूट लांबीच्या देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे. मुलांना त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत चालायला सांगा.