अंधेरी ते नेरूळ

१ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात मायकल जॅक्सन आला. शिव उद्योग सेनेच्या निधीसाठी हा घाट घातलेला. विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेनं त्याला ओवाळलं, तो 'मातोश्री'वरही जाऊन आला. सरकारनं करमणूक कर माफ केला म्हणून मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली, आणि ते प्रकरण पुढं वर्षानुवर्षं रेंगाळलं.

आमच्या मुलुंडच्या घरात वेगळंच कोर्ट भरलं होतं. मी कॉलेजात, बाबा अभिषेकीबुवांचे भक्त. "हा काय धांगडधिंगा?" एवढ्यावर माझ्या तिकिटाचा विषय संपला. पण घरात टीव्ही एकच, टेपरेकॉर्डरही एकच. मी एमटीव्ही लावला की बाबा पेपर तोंडासमोर धरून तिथंच बसत. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' त्यांना असं बसूनबसूनच पाठ झालं. एकदा दाढी करताना त्याची चाल गुणगुणत होते; मी दारात उभी दिसले तशी थांबले नाहीत, उलट पुढची ओळ विचारली. मला आजही वाटतं, आमची दोस्ती त्या दिवशी झाली.

२००२ मध्ये 'ऐका दाजीबा' आलं आणि भांडण उरलंच नाही. वैशाली सामंतचा आवाज, अवधूत गुप्तेचं संगीत. हळदीला, गणपतीत आजी आणि नातू एकाच गाण्यावर नाचू लागले.

नंतर मोबाइल आले, कानात इअरफोन गेले. माझ्या पिढीतले आईबाप पॉपला नाकं मुरडत नाहीत, कारण आम्ही त्यावरच वाढलो. तरीही मुलीच्या कानात काय वाजतंय, हे मला कळेनासं झालं. बाबांना माझी गाणी आवडत नव्हती, पण ऐकू तरी येत होती. विरोधापेक्षा ही शांतता मला जास्त घातक वाटते.

३० नोव्हेंबर २०२४ ला बीकेसीत दुआ लिपानं आपल्या 'लेव्हिटेटिंग'मध्ये 'बादशाह'मधलं १९९९ चं गाणं मिसळलं. ही सरमिसळ आधी चाहत्यांनी इंटरनेटवर फिरवली होती. दुसऱ्या दिवशी मुलीनं तो व्हिडिओ माझ्यासमोर धरला. अर्धं गाणं तिचं, अर्धं माझं. गाणारा अभिजीत कोण, शाहरुखचा तो सिनेमा कुठला, हे सांगता सांगता रात्रीचे बारा वाजले. पुढं जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. ख्रिस मार्टिन मंचावरून मराठीत बोलला, त्याचं कौतुक माझ्याआधी माझ्या ऐंशीच्या बाबांनी केलं.

पण अशा मैफली वर्षातून एखाद-दोन, आणि तिकिटं सगळ्यांना परवडतात असंही नाही. आज रात्री जेवणं झाली की मुलाला एवढंच सांगा: तुझ्या कानातलं गाणं स्पीकरवर लाव. आणि ते संपेपर्यंत मध्ये बोलू नका.