समुद्रातल्या विहिरीवरची पाळी

वैजापूरच्या शिवारात बोअरची गाडी लागली की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. पण ते काम लवकर उरकतं. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, मुंबई हायच्या तेलविहिरींवर यंत्रांचा गोंगाट 12 तासांच्या पाळीत, सलग 14 दिवस कानांवर आदळतो. आठ तासांसाठी 85 डेसिबलची मर्यादा धरली, तर 12 तासांसाठी ती 83च्या आसपास येते. शिवाय झोपायची खोलीही तिथेच, म्हणजे कानांना पुरती विश्रांती नाहीच. भरीला रात्रपाळी, दमट उकाडा आणि कातडीला त्रास देणारा ड्रिलिंगचा चिखल.

तपासून घेतलेली माणसं, वर डॉक्टर हजर, मग काळजी कसली, असं म्हटलं जातं. पण तपासणी एका दिवसाची असते आणि दवाखाना समुद्रापार. 27 जुलै 2005ला मुंबई हायवर ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली. किनाऱ्यावर हे प्रकरण रिक्षाने निभावलं असतं. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर येईना, म्हणून त्याला उपचारासाठी तेलविहिरीच्या फलाटावर उतरवताना जहाज वायुवाहिनीला धडकलं. आगीत 22 जण गेले. मोठा अपघात आणि रोजची इजा वेगळ्या काढता येत नाहीत. कान, झोप आणि त्वचेची नियमित तपासणी कंत्राटी कामगारांनाही मिळालीच पाहिजे.