वजन उतरविणाऱ्या शस्त्रक्रिया

“मुलगी वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेते म्हणते. पोटच कापून टाकतात, हे खरे काय?” असा प्रश्न एका मातेने आम्हांस विचारला. तिच्या स्वरात भय होते, तशी लाजही होती. लाजेचे कारण नाही. स्थूलता हे केवळ खादाडपणाचे फळ नव्हे. अनुवंश, काही औषधे व शरीरातील ग्रंथींचे विकार यांचाही तीत वाटा असतो. भयाचे निरसन मात्र माहितीनेच व्हावयाचे.

ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी नसते. वजन फार वाढून मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडखळणे असे विकार जडले म्हणजे डॉक्टर तिचा विचार करतात. पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साह्याने ती बहुधा केली जाते.

पहिल्या प्रकारास ‘स्लीव्ह’ म्हणतात. तीत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढतात व केळ्याच्या आकाराची नळी तेवढी उरते. भूक चाळविणारे द्रव्य मुख्यत्वे काढलेल्या भागातच निर्माण होत असल्यामुळे भूकही मंदावते. आतड्यांस हात लावीत नाहीत; परंतु कित्येकांस छातीत जळजळ सुरू होते.

दुसरा प्रकार ‘बायपास’. अमेरिकेतील आयोवा येथे मेसन व इटो या शल्यविशारदांनी १९६६ साली त्याचा पाया घातला. जठराच्या वरच्या टोकाची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते. अन्न मात्र त्यात जात नाही. मधुमेहावर हा उपाय विशेष गुणकारी ठरतो. तथापि गोड अधिक खाल्ल्यास घाम, धडधड व जुलाब होऊ शकतात. आणि मद्य फार लवकर चढते.

तिसऱ्या प्रकारात जठर अरुंद करून लहान आतड्याचा बराचसा भागही वगळतात. वजन सर्वांत अधिक उतरते, पण कुपोषणाचा धोकाही सर्वांत मोठा. जठरास सिलिकॉनचा पट्टा आवळण्याची पद्धत आता मागे पडली आहे.

रक्तस्राव, जोड गळणे, रक्ताची गुठळी होणे हे धोके थोड्यांनाच भोवतात, तरी ते आहेत. पुढे काही आठवडे पातळ, मग मऊ, नंतर घट्ट आहार. घास लहान, चावून खाल्लेला. बी-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या व रक्ततपासणी जन्मभर चालू ठेवावयाची. स्त्रियांनी निदान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. पथ्य सुटले तर उतरलेले वजन पुन्हा चढते.

म्हणून त्या मातेस आम्ही सांगितले : बाई, जठर कापतात हे खरे, पण शल्यविशारदाचे काम काही तासांचे, घरच्यांचे मात्र जन्माचे. आग्रह करून वाढणे ही आपली प्रेमाची रीत. सणासुदीला मुलीने “पुरे” म्हटले की वाटी खाली ठेवा. तिच्यावरचे प्रेम त्यातच दिसेल.