गावाकडची बाई टाटाला उशिरा का पोचते?

दादरला उतरून हिंदमाताकडून टाटा हॉस्पिटलकडे जाणारी माणसं आपण रोज बघतो. खांद्याला पिशवी, पिशवीत फाईल, सोबत अशक्त झालेली बाई. सोलापूर, धाराशिव, बीडकडची ही माणसं पुष्कळदा आपल्याच नात्यातली असतात, आपल्याच दहा बाय दहाच्या खोलीत उतरलेली. त्यातल्या अनेक बायांना पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर असतो, आणि महिनोन् महिने अंगावरून जात असूनही त्यांनी कुणाला सांगितलेलं नसतं.

बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत कॅन्सरच्या पेशंटची नोंद ठेवायला सुरुवात केली. खेड्यांसाठीची अशी नोंद देशात पहिलीच. या कॅन्सरच्या बायांपैकी पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्या तीनात सुमारे एक, असं त्या नोंदींतून दिसलं. मग तिथल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव सभा घेऊन लक्षणं सांगितली. मोठं मशीन नाही, महागडं औषध नाही, नुसतं सांगणं. तेवढ्यानेही बाया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायांवर अभ्यास झाला. एका गटाची एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केली. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरने ३४ बाया गेल्या. जिथे तपासणी झाली नाही, त्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. आपल्या मुंबईच्या वस्त्यांतही टाटाने १९९८ पासून असंच काम केलं. दहावी शिकलेल्या मुलींना शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी व्हिनेगर लावून तपासणी करून घेतली. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. या तपासणीत पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात. खराब भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. कापाकापी नाही, भूल नाही.

हे शक्य होतं, कारण हा कॅन्सर सावकाश वाढतो. विषाणू बहुतेक बायांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. काहींच्या राहतो, आणि त्याचा कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षंही लागतात. तेवढ्या काळात खराब भाग काढून टाकता येतो, आणि पिशवी शाबूत राहते.

विषाणू शरीरसंबंधातून येतो, पुरुषाकडूनही. म्हणून आजारी बाईच्या चालीवर बोट ठेवणारे अडाणी आहेत. एकाच नवऱ्याबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही हा आजार होतो. तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. तिचं ताट वेगळं ठेवू नका. वेगळ्या ताटाचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं एकही असेल तर लगेच दाखवा. "वयानं होतं" म्हणून थांबू नका. पण सुरुवातीला काहीच त्रास नसतो, म्हणून तिशीनंतर त्रास नसतानाही तपासणी करायची. गावात प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. इथे केईएमच्या स्त्रीरोग ओपीडीत. मुलींना ९ ते १४ वयात एचपीव्हीची लस देता येते. लस घेतली तरी पुढे तपासणी लागतेच.

कॅन्सर निघालाच, तर उपचार अर्ध्यावर सोडू नका. शेक, म्हणजे रेडिएशन, साधारण दोन महिन्यांत पुरं व्हावं लागतं. पेरणी आली, पैसे संपले, म्हणून मधेच गावी गेलेल्या बाईचा आजार बळावतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार गावाहून निघतानाच सोबत घ्यायला सांगा. पेशंटला रेल्वे तिकिटात सवलत आहे, हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. तिथे जागा नसेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारायचं. ते दुसरी सोय सुचवतात.